राखेखाली निजवलेली आग

डबीतली शेवटची काडी जळून गेली आणि आग धरेना. ओल्या फळ्या नुसत्या धुमसत होत्या. मडमबाईची पोरगी थंडीने निळी पडून कापायचीही थांबली होती. निखारे विझले असते तर ती गेलीच होती.

मी वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेची. मडमबाई आमच्याकडे मिशनच्या दवाखान्यात नर्स होती, तिची पोरगी मी सांभाळायची. आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच्या दुसऱ्या साली ती माहेरी निघाली, पार पृथ्वीच्या दक्षिण टोकाला. सोबत मला नेलं. शेजारीण म्हणाली, "समुद्र ओलांडशीन तं धरम बुडते."

"जुना मीनंच बुडवला," मी म्हटलं. "नव्याले पोहता येते."

त्या मुलखात झाड नाही, नुसता वारा. बंदरोबंदरी ध्रुवाकडे गेलेल्या माणसांचे पुतळे. बहुतेक बर्फात मेलेले. मी विचारलं, "मडमबाई, परत आला त्याचा पुतळा काऊन नाई?" ती हसत सुटली.

शेवटच्या टप्प्याला आमची होडी खडकावर फुटली. पोरीला खांद्यावर घेऊन छातीभर पाण्यातून किनारा गाठला. तिथे ध्रुवावर जाणाऱ्यांनी कधीकाळी बांधलेली लाकडी खोली होती. आत गंजके डबे आणि लोखंडी चूल. नावाड्याने त्याच चुलीत आग पेटवली होती, ती आता मरत होती. तो फुटक्या होडीच्या आणखी ओल्या फळ्या टाकायला आला. मी त्याचा हात झटकला, फळ्या बाहेर ओढल्या, निखारे एका जागी सारले आणि वरून राख दाबली. घरी रोज सकाळी स्वयंपाक आटोपला की हेच करायचे. संध्याकाळी विस्तव मागायला दुसऱ्याच्या दारी जाणं आमच्यात कमीपणाचं.

नावाडी ओरडायला लागला.

"तो म्हणून राह्यला, तू आग मारली," मडमबाई रडत म्हणाली.

"त्याले सांगा, मारली नाई, निजवली. म्हणा, जळेल असं काही आण, मंग बोल."

तो पाय आपटत गेला. मी पोरीचे ओले कपडे काढले, तिला पोटाशी धरलं आणि वरून मडमबाईला बिलगून बसवलं. बऱ्याच वेळाने नावाडी सीलची चरबी घेऊन आला. सील म्हणजे कुत्र्याच्या तोंडाचं, म्हशीएवढं समुद्रातलं जनावर. मी राख बाजूला केली. खाली निखारा लाल होता. त्यावर चरबी पडली आणि आग अशी भडकली की नावाड्याच्या मिशा करपल्या. तो नाचायला लागला. मला काहीतरी म्हणाला.

"काय म्हणते?"

"लग्न करतं का म्हणते."

"त्याले म्हणा, आधी आंघोळ करजो."

पोरगी कापायला लागली, मग रडली. इतकं गोड रडणं मी कधी ऐकलं नाही. चरबीचा काळा धूर आभाळभर गेला. दुसऱ्या दिवशी तो पाहून मडमबाईचा बाप दुसरी होडी घेऊन आला.

पोरगी जगली. मडमबाई जगली, नावाडी जगला, मी जगले.