मायक्रोस्कोपची हळद

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगण्यासारखं मोठं काही नव्हतंच म्हणा—चिमूटभर हळद. हो, हळदच.

नागपुरातल्या एका प्रयोगशाळेचा मी प्रमुख. लोक 'सर' म्हणत उठून उभे राहतात. राहोत बापडे. वैशाली माझी विद्यार्थिनी, नरखेडकडच्या संत्रा-बागायतदाराची मुलगी. पीएच.डी.साठी ती एक रंग तयार करत होती. जिवंत पेशींत सोडला की तो विझलेला राहायचा; जांभळ्या प्रकाशाचा झोत मारला, तरच हिरवा उजळायचा. जिथे झोत, तिथेच उजेड—पेशीतला हवा तो कोपरा नेमका पाहता येणार होता. पण त्याची सारी किंमत एकाच गोष्टीत: झोताआधी अंधार.

खंडेनवमीला आम्ही मायक्रोस्कोपची पूजा करतो. मान माझा. हळदकुंकू लावलं, हात पुसल्यासारखं केलं, आणि त्याच बोटांनी तिच्या पेशींची बशी उघडून मायक्रोस्कोपखाली ठेवली. हातमोजे? ते विद्यार्थ्यांनी घालायचे असतात ना!

पडद्यावर झोताआधीच हिरवं चमकलं. सगळे प्रसाद खात उभे.

"सर, जांभळा लाइट तर अजून मारलाच नाही," ती म्हणाली. "मंग हे काहून चमकून राहिलं?"

"संत्र्याचा ज्यूस टाकला का वं यात?" मी म्हटलं.

हशा पिकला. तिचीच बोली उचलून मी तिला फेकून मारली—आणि घरी मीही तीच बोलतो.

दुपारी डबा खाताना नखात पिवळं दिसलं. तेव्हा कळलं का? कळलंच. मायक्रोस्कोपच्या नेहमीच्या निळ्या उजेडातही हळद हिरवी चमकते, हे मी वर्गात शिकवतो. तरी एक कण काचेवर ठेवून पाहिला. तोच हिरवा. मग काच धुतली. नीट धुतली.

दुसऱ्या दिवशी ती आली—नव्या बशीत एकदा बघू द्या, म्हणाली. एकदाच. मी म्हटलं, रंगच खराब आहे, पेशी वाया घालवू नकोस. 'बोट माझं होतं', एवढंच म्हणायचं होतं. पण हसं झालं असतं ना—कुणाचं? या सरांचं! असल्या फडतूस अब्रूसाठी मी तिला तो रंग ओतून द्यायला लावला. तिने ओतला. पुढे पीएच.डी.ही सोडली. आता हिंगण्याला एका कारखान्यात आहे. रस्त्यात दिसलो की स्कूटी थांबवून "नमस्कार सर" म्हणते. मी तो नमस्कार घेतो.

खंडेनवमीला हळद अजून मीच लावतो. हातमोजे घालून.