टिंबाची मान

चिमणी आता सेहेचाळीस वर्षांची झाली, पण तिला कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर तीच मागे वळून बघणार नाही. थोरल्या भावाच्या नक्षीकामाच्या दुकानात बावीस वर्षं तिने भुसा झाडला, पॉलिश मारलं आणि दादाची बोलणी खाल्ली. जाळी कापायच्या यंत्राला मात्र दादाने तिला हात लावू दिला नाही. "पातं दोऱ्याएवढं असतं, ते तुझं काम नाही," म्हणायचा. मग साखरेच्या दुखण्याने दादाचे डोळे नेले आणि ते काम तिचं झालं. तिचं झालं म्हणजे काय, गळ्यातच पडलं.

आता त्या दिवशीचं ऐका. पाच वाजता शेजारचा फर्निचरवाला कागद घेऊन येणार होता. दादाने सही केली की दुकान त्याचं. पण आठवड्यापूर्वी दादा म्हणाला होता, "चिमणे, एक पाटी एकटीने कर. मी बोट फिरवून बघेन. कुठे अडलं नाही, तर किल्ल्या तुझ्या. अडलं, तर मी सही करून मोकळा." चिमणीला ना संसार, ना दुसरं काही येत. दुकान गेलं तर रोज सकाळी उठून तिने जायचं तरी कुठे?

पाटी दाताच्या डॉक्टरची होती. शब्द एकच, 'दंतवैद्य'. अक्षरं सगळी शिरोरेषेला लटकलेली, त्यामुळे सुटून पडायची भीती नाही. भीती एकट्या टिंबाची. वरचं टिंब शिरोरेषेला काडीएवढ्या मानेने धरलेलं असतं, आणि लाकडाच्या रेषा आडव्या असल्या की ती मान जरा धक्क्याने मोडते.

तिची हत्यारं बघाल तर हसाल. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात याच डॉक्टरने टाकून दिलेला दात कोरायचा आकडा, झिजलेला टूथब्रश, नखांची कानस, कपडे वाळत घालायचे चिमटे, आइस्क्रीमच्या काडीवर चिकटवलेला पॉलिशपेपर. दादा त्याला भंगारपेटी म्हणायचा. "अगं, दुकान चालवतेस की भातुकली मांडलीयस?" हसायचा खुशाल, पण 'व'च्या पोटातला कोपरा त्या आकड्याशिवाय साफ होत नाही, हे त्यालाही पक्कं ठाऊक होतं.

साडेतीनला शेवटचा काप संपला. चिमणीने यंत्र बंद केलं, सुस्कारा सोडला आणि ब्रशने भुसा झटकला. टक् असा आवाज झाला. बघते तर टिंब जागेवर नाही.

"मेले, एवढी कसली घाई होती तुला!" ती स्वतःवरच खेकसली. "दाताच्या डॉक्टरचाच दात पाडलास!"

पण हसायची वेळ नव्हती. नवी पाटी करायला अख्खा दिवस लागतो, आणि हातात होता दीड तास. ती गुडघ्यांवर बसून भुसा चाचपू लागली. वाटाण्याएवढं टिंब त्या ढिगात कुठे सापडायचं? शेवटी तिने चहाची गाळणी आणली आणि मूठ मूठ भुसा चाळला. घामाने ब्लाउज पाठीला चिकटला. चार वाजून दहा मिनिटांनी गाळणीत टिंब उरलं.

मग तिने मोडलेल्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडलं, टूथपिकचा तासलेला तुकडा आत बसवला, गोंदाचा थेंब सोडला आणि वरून चिमटा लावला. गोंद वाळेपर्यंत ती घड्याळाकडे बघत नुसती उभी होती. वाळल्यावर नखांची कानस हळूहळू फिरवली. जोड डोळ्यांना दिसेना, बोटाला लागेना. तरीही तिला भरवसा वाटेना, कारण दादाचं बोट म्हणजे काय चीज आहे हे तिने बावीस वर्षं पाहिलं होतं.

पावणेपाचला वहिनी दादाला घेऊन आली. पाठोपाठ फर्निचरवालाही आलाच, आपण होऊन स्टूल ओढून बसला. वहिनीने थर्मासमधला चहा स्टीलच्या पेल्यात ओतला. दादाने पेला तळहातात घट्ट धरला.

"अहो, कडेने धरा, भाजेल की!" वहिनी ओरडली.

"हं," म्हणून दादाने तो खाली ठेवला. चिमणीचं लक्ष कुठे होतं? ती पाटीकडे बघत होती.

दादाचं बोट 'द'वरून निघालं. शिरोरेषेवर चढलं, टिंबाच्या मानेवरून गेलं, टिंबाला वळसा घालून पुढे सरकलं. कुठे थांबलं नाही. 'त', 'वै', 'द्य'. संपलं. चिमणीचा जीव भांड्यात पडला.

"आता तू सांग," दादा म्हणाला. "कुठे काही राहिलंय?"

नाही म्हणायला काय लागतं? एक शब्द. फर्निचरवाला टक लावून बघत होता.

"टिंबाची मान मोडली होती दादा," ती म्हणाली. "टूथपिक घालून जोडलीय."

फर्निचरवाल्याने पेनाचं टोपण काढलं. वहिनीने डोक्याला हात लावला. चिमणीला रडू फुटलं, आणि रडताना तिला स्वतःचाच भयंकर राग आला. कशाला बोललीस, बये?

दादाने पाटीवरचं बोट उचललं.

"मला काहीच लागलं नाही गं," तो म्हणाला. "बोटंही गेली माझी. सहा महिने झाले, घरात कुणाला बोललो नाही. आता पाटी कशी झालीय ते तू सांगशील तेवढंच मला कळणार."

वहिनीने पेल्याकडे बघितलं आणि तोंडाला पदर लावला. दादा फर्निचरवाल्याकडे वळला. "कागद राहू द्या शेठ. चहा घ्या."

त्याने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. एकेक किल्ली अंगठ्याने चाचपत राहिला, पुन्हा पहिल्यापासून चाचपू लागला. मग अख्खा जुडगाच त्याने तिच्यापुढे धरला.

"यातली दुकानाची कुठली," तो म्हणाला, "तूच बघ."