पाठीचं सांगितलं, जिवाचं राहिलं

देऊळघाटच्या आमच्या मळ्यात मिरचीची तोडणी चालली होती. भरलेली पाटी उचलायला मी वाकले आणि पाठीत काहीतरी सटकलं. पाटी तिथेच सांडली. सासू म्हणाली, "लचक भरली असन. शेकून घे." शेकलं, एरंडाची पानं बांधली, तेल चोळलं. दिवाळी आली तरी दुखणं होतं तिथेच होतं.

नुसती पाठ दुखली असती तर मी दातओठ आवळून निभावलं असतं. पण हळूहळू झोप गेली. सकाळी डोळे उघडले की उठावंसं वाटेना. भाकरी थापताना उगाच रडू यायचं. पाठ जास्त धरली की मन बुडायचं, आणि मन बुडालं की पाठ लाकडासारखी ताठायची. मला ते एकच दुखणं वाटायचं. घरात मात्र कुणालाच ते एक वाटलं नाही.

तेव्हा आमचं वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि बुलढाण्याच्या दवाखान्यात जबलपूरकडचे एक डॉक्टर आले होते. त्यांना मराठी येत नव्हतं आणि मला हिंदी बोलता येत नव्हतं. म्हणून माझे मालक, घरधनी, दुभाषी म्हणून मध्ये बसले. मी सांगितलं, "पाठ भरून येते, मंग जीव कशातच लागत नाई. आपन कशाले जगून राह्यलो, असं वाटते." मालकांनी डॉक्टरांना सांगितलं, "पीठ में दर्द है."

एवढंच. त्यांचं हिंदी मला तितकं कळत होतं.

"बाकीचं सांगा ना," मी म्हटलं.

"ते काय डॉक्टरले सांगाचं असते का?" ते हळूच म्हणाले.

डॉक्टरांनी पाठ दाबून पाहिली, हाड शाबूत असल्याचं सांगितलं आणि चोळायला औषध दिलं. घरी आल्यावर नणंद म्हणाली, "हाड चांगलं हाय तं दुखते काय?" त्या दिवसापासून माझी पाठ खोटी ठरली. रडणं तेवढं खरं, आणि रडण्याचा अर्थ एकच, डोक्यावर परिणाम झाला. घाटाखालच्या एका गावात मांत्रिक होता, त्याच्याकडे मला न्यायचं ठरलं. मला कुणी विचारलं नाही.

मालक, नणंद आणि मी बैलगाडीनं निघालो. घाट उतरताना चाक दगडावरून आपटलं की पाठीत सुरी फिरल्यासारखं व्हायचं. शेवटी सोसेना. मी म्हटलं, "गाडी थांबवा. मी पायी येतो."

खाली उतरले आणि चालू लागले. चालताना मला खरोखरच कमी दुखायचं. बसलं, वाकलं, धक्का बसला की दुखणं उसळायचं. नणंद गाडीतून म्हणाली, "पाह्य, कशी चालून राह्यली. पाठ दुखनारी बाई घाट उतरते का?"

मला इतका संताप आला की रडूही आलं नाही. निजून राहावं तर आळशी, चालावं तर खोटारडी. नेमकं कसं दुखलं म्हणजे यांना पटणार होतं?

मालकांनी कासरा नणंदेच्या हाती दिला आणि माझ्या बाजूनं चालू लागले. मग मीच म्हटलं, "इहिरीवर पान्याले गेलो का मी आत पाह्यत राह्यतो. आता एकटीनं जाचं भेव वाटते."

ते थबकले. "मले काऊन नाही सांगतलं?"

"डॉक्टरपुढं सांगतलं. तुमीच पुढं नाही सांगतलं."

मांत्रिकाच्या गावाची वाट आली तेव्हा त्यांनी बैलांना वळू दिलं नाही. नणंद चिडली. "हिले हिच्या मायजवळ नेतो," एवढंच ते म्हणाले, आणि गाडी सरळ मोताळ्यावरून धामणगाव बढ्याला, माझ्या माहेरी नेली.

आईनं झोळ पडलेली बाज काढून जमिनीवर घोंगडी अंथरली. विहिरीवर ती मला एकटीला जाऊ देत नसे. सकाळी ती आणि मी बांधाबांधानं चालायचो. मी बोलायची, ती ऐकायची, मध्येच कंटाळून गप्प बस म्हणायची. उन्हाळा लागेपर्यंत झोप परत आली. पाठ निम्मी उतरली. निम्मी राहिली.

सासरी परतले तर नणंद सगळ्यांना सांगत होती की तिनं त्याच मांत्रिकाकडून आणलेला दोरा माझ्या उशाखाली ठेवायला माहेरी पाठवला होता, त्यानं गुण आला. मी म्हटलं, असा दोरा मी पाहिलाही नाही. कुणी ऐकलं नाही. मालक तिथेच बसले होते. तेही काही बोलले नाहीत. मात्र त्यानंतर पाणी आणायला ते माझ्याबरोबर यायचे, आणि भरलेली घागर स्वतःच्या खांद्यावर घ्यायचे. गाव हसायचं.

आजही थंडीत पाठ धरते आणि मागोमाग मन खचायला लागतं. घरातले विचारतात, पाठ दुखते की मन लागत नाही, एक काय ते नीट सांग. इतकी वर्षं झाली, मी तेच उत्तर देते. दोन्ही.