तबकडीतला दुःखी म्हातारा

काय सांगू तुम्हाला! आधी तोंडातला चहा गिळून घ्या. माझी ही फजिती ऐकताना एकाच्या तो नाकात गेला होता.

आमच्या डोंबिवलीच्या घरात सासऱ्यांचा जुना रेकॉर्ड प्लेअर आहे. सासरे आयुष्यभर त्यावर नाट्यसंगीत ऐकायचे. ते गेल्यावर मशीन आमच्याकडे आलं आणि मी ठरवलं, आपण जॅझ ऐकायचं. का? अहो, नाट्यसंगीतातले जाणकार डोंबिवलीत गल्लोगल्ली आहेत. जॅझवर बोललं की कोणी उलट बोलत नाही!

कल्याणच्या एका भंगारवाल्याकडून छोटी तबकडी आणली. मधला कागद पार धुऊन गेलेला, नाव ना गाव. लावली, आणि काय आवाज! खर्जातला, थकलेला म्हातारा. एकेक शब्द विहिरीतून शेंदून काढल्यासारखा. शब्द बहुधा इंग्रजी असावेत.

"अहो, हा झोपेत गातोय का?" बायकोने, मंजिरीने विचारलं.

"याला वेदना म्हणतात."

"बाबांच्या मशीनचा तो खटका बघा ना जरा."

"बाबांनी लावलेल्या खटक्याला मी हात लावणार नाही आणि तूही लावायचा नाहीस. जावई आहे मी!"

ठाण्यात जुन्या रेकॉर्डींच्या शौकिनांचा एक ग्रुप आहे. फोनवर गाणं पाठवायचं नाही, तो म्हणे गाण्याचा अपमान. ऐकून काय वाटलं ते फक्त लिहायचं. बैठक माजिवड्याला कारखानीसकाकांच्या घरी. तिथे खुर्च्या मोजक्याच, आणि त्यातली एक नुकतीच रिकामी झालेली. मला ती हवी होती. दहावीच्या निकालाचीसुद्धा मी एवढी वाट पाहिली नव्हती!

मी लिहिलं, 'या माणसाची बायको गेलेली आहे.' अंगठे आले. मग मी त्याला मुलांकडून घराबाहेर काढवलं. जोडलेले हात आले. एका सभासदाने तर कळवलं, "ही रेकॉर्ड माझ्याकडेही आहे. दरवेळी रडतो." कुठली रेकॉर्ड, हे त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही!

काकांचा फोन आला. "रविवारी तबकडी घेऊन या आणि बोला. खुर्चीचं मग बघू."

गेलो. ठेवणीतला कुर्ता, सोबत मंजिरी. सगळ्यांना डोळे मिटायला लावून म्हाताऱ्याचं दुःख असं काही उभं केलं की एकाने चष्मा काढून पुसला. काकांनी सुई टेकवली.

धडामधूम ड्रम! आणि एक पोरगी खिदळत, किंचाळत गायला लागली. काकू स्वयंपाकघरातून ठेका धरतच बाहेर आल्या. "अगंबाई, रॉक अँड रोल! कॉलेजात काय नाचायचो आम्ही यावर!"

"काका, उलटी बाजू लागलीय!"

उलटी लावली. पोरगी तिकडेही खूश.

"मग तुमचं मशीन बिघडलंय."

"छोटी तबकडी मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांवरच लावतात," काका म्हणाले. "तुम्ही घरी कशावर लावता?"

"सासऱ्यांनी ठेवलंय तसं."

"आणि ते काय ऐकायचे?"

"नाट्यसंगीत... मोठ्या तबकड्या..."

"म्हणजे वेगाचा खटका तेहतीसवर. सावकाश."

आलं ना लक्षात? ज्याची बायको मी मारली, ज्याला मुलांनी टाकलं, तो म्हातारा म्हणजे ही सोळा-सतरा वर्षांची पोरगी होती!

"मी म्हटलं होतं, खटका बघा," मंजिरी म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "बाबांनी लहानपणीच शिकवलेलं. आधी खटका, मग सुई."

काकांनी तिच्याकडे बघितलं, मग रिकाम्या खुर्चीकडे बघितलं.

तर खुर्ची आमच्या घरात आली, मंजिरीच्या नावाने. बैठकीत मी मागे स्टुलावर बसतो आणि तबकड्या पुसून देतो. "जावईबापू, खटक्याला हात नाही लावायचा हं," असं काका दरवेळी बजावतात.

पण खरं सांगू? मंजिरी बाहेर गेली की मी घरी खटका गुपचूप तेहतीसवर आणतो. बायको गेलेली, मुलांनी टाकलेलं. माझ्याशिवाय त्या म्हाताऱ्याला आहे कोण हो?