ब्रोन्याचा भाऊ केनोशाला गेला

ब्रोन्याला गाडी चालवता येत नव्हती, पण कुठल्याही गाडीत बसली की तिचा हात आपसूक सीटच्या शिवणीवरून फिरायचा. अमेरिकेत, साउथ बेंडच्या स्टूडबेकर मोटार कारखान्यात ती शिलाई खात्यात होती. लग्नाआधी लागली आणि कारखान्याला कुलूप लागेपर्यंत तिथेच राहिली. खात्यात बायकांची रांग होती, मशिनींचा आवाज इतका की पोलिश गाणी ओरडून म्हणावी लागत.

तिचे वडील त्याच कारखान्यात घोडागाड्यांची चाकं करायचे. पाच लोहारभावांनी मिळून उभा केलेला धंदा तो. पश्चिमेला निघालेली माणसं त्यांच्या छपराच्या गाड्यांतून गेली, यादवी युद्धात सैन्याचं सामान त्यांच्याच गाड्यांतून वाहिलं. पुढे घोडे गेले आणि मोटारी आल्या, तसे वडील ओतशाळेत गेले. मंदीत कंपनी बुडाली आणि पुन्हा तरंगली. गावातल्या पोलिश वस्तीत लोक कंपनीचं नाव घेत नसत. "तिकडे" म्हणत. "तिकडे लागला का?" "तिकडे सुट्टी आहे." एवढंच.

फेलिक्स जन्मला तेव्हा आई गेली. ब्रोन्या तेव्हा तेरा वर्षांची. त्याला दूध पाजण्यापासून शाळेत घालण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. ती क्लेमेन्स ग्राबारेकची बायको होऊन गेली तेव्हा शेंबडा फेलिक्स तिच्या ट्रंकेबरोबर गेला. ब्रोन्याला पुढे मूल झालं नाही. वस्तीतल्या बायका कुजबुजायच्या, पण तिला कधी रिकामं वाटलं नाही. घरात फेलिक्स होता.

युद्धाच्या काळात ती लष्करी ट्रकांच्या कॅनव्हासच्या टपांना शिलाई मारत होती. ते ट्रक बोटीत चढून रशियाला जात. युद्ध संपल्यावर पोलंडमधल्या मावशीचं पत्र आलं. रशियन शिपाई गावात शिरले, कोठारातलं धान्य भरून घेऊन गेले, आणि त्यांच्या ट्रकांवर, मावशीने लिहिलं होतं, तुमच्या कारखान्याचं नाव होतं, मी स्वतः वाचलं. ब्रोन्या दोन दिवस कामावर गेली नाही. मग पुन्हा मशिनीवर जाऊन बसली.

सैन्यातून परतलेला फेलिक्सही तिकडेच लागला, आणि नेमका क्लेमेन्ससमोर. गाडीचा सांगाडा सरकत यायचा, क्लेमेन्स डावीकडची दारं बसवायचा, फेलिक्स उजवीकडची. दोघांच्या मधून दिवसभर गाड्या जायच्या आणि दिवसभर दोघे गाडीच्या आरपार गप्पा मारायचे.

"दाजी, ताईने आज डब्यात काय दिलंय?"

"तुला काय करायचंय? तुला वेगळा दिलाय ना?"

"माझ्यात कोबीच निघाला. सॉसेज तुमच्याकडे गेलं असणार."

"बायको कोणाची आहे?"

"बहीण कोणाची आहे?"

ही रोजची जुगलबंदी. जेवणाच्या सुट्टीत सॉसेजचे दोन तुकडे व्हायचे.

क्लेमेन्सने पहिली गाडी घेतली ती सत्तेचाळीसच्या बनावटीची, जुनी, दुसऱ्याने वापरलेली. तिची मागची काच इतकी मोठी होती की पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली, हे कळत नसे. चर्चच्या पायऱ्यांवर बसलेली मंडळी त्याला बघून ओरडायची, "क्लेमेन्स, येतोयस की निघालास?" तो हसून टोपी उंचवायचा. रविवारी चौघे मिशिगन सरोवराच्या वाळूच्या टेकड्यांवर जात. चौघे म्हणजे फेलिक्स आणि त्याची बायको झोस्या धरून. त्या गाडीत एक खुबी होती. चढावर क्लच दाबून उभी केली की ब्रेकवरून पाय काढला तरी ती मागे घसरत नसे. एकदा पुढचा फोर्डवाला चढावर घसरत खाली येत होता, बिचाऱ्याचा घाम निघाला होता, आणि क्लेमेन्स आपला निवांत बसून उकडलेलं अंडं सोलत होता. ती गोष्ट त्याने पुढे इतक्यांदा सांगितली की झोस्या अंडं म्हटलं की कानांवर हात ठेवायची.

पन्नासच्या दशकात दिवस फिरले. डेट्रॉइटच्या मोठ्या कंपन्या भाव पाडत होत्या, आणि गाड्या विकल्या न जाता आवारात उभ्या राहू लागल्या. मग लार्क नावाची छोटी गाडी निघाली, ती धडाक्याने खपली, वस्तीने सुटकेचा श्वास टाकला. दोन-तीन वर्षांत तीही मंदावली. कामाचे दिवस कमी झाले. फेलिक्स म्हणायचा, "दाजी, हे चालायचं नाही." क्लेमेन्स म्हणायचा, "शंभर वर्षं चाललंय."

त्रेसष्टच्या शरदात क्लेमेन्सने कोरी लार्क घेतली. आयुष्यातली पहिली कोरी गाडी.

"आत्ता कशाला?" फेलिक्स म्हणाला. "वर्षभर थांबा. काय होतंय ते बघू."

"आपणच नाही घेतली तर दुसरा कोण घेईल? तूही घे."

"माझ्या घरात दोन पोरं आहेत, दाजी."

"आणि माझ्या घरात कोणी नाही, असंच ना?"

ब्रोन्या चुलीपाशी पाठमोरी होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

डिसेंबरात बातमी आली. नाताळच्या आत साउथ बेंडचा कारखाना बंद. गाड्या यापुढे फक्त कॅनडात बनतील. शिलाई खात्यातल्या बायकांनी कात्र्या पिशव्यांत टाकल्या. कोणी रडलं नाही, फक्त गाणं कोणी म्हटलं नाही. शेवटच्या दिवशी शेवटची गाडी दोघांच्या मधून सरकत गेली. क्लेमेन्सने दार बसवलं, दोनदा उघडून मिटून पाहिलं. समोर फेलिक्स तेच करत होता. त्या दिवशी दोघांत एक शब्दही झाला नाही.

चाळिशीच्या आतल्यांच्या हाती निवृत्तीचं काहीच लागलं नाही. क्लेमेन्ससारख्यांना जुजबी काही मिळालं. पण त्याच्या मनाला लागलं ते वेगळं. काम मागायला गेलं की पन्नाशी उलटलेल्या माणसाला दुसऱ्या कारखान्यांच्या फाटकावरचा कारकून वर मान करूनही बघत नव्हता.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी नेहमीप्रमाणे सगळे ब्रोन्याकडे जमले. मासा झाला होता, बिटाचं सार झालं होतं. जेवणाआधी ओप्वातेक मोडायचा असतो. कागदासारखी पातळ पांढरी चकती. एकमेकांच्या हातातली तोडून खायची आणि वर्षभराचं उणंदुणं तिथेच सोडायचं. फेलिक्सने आधीच सांगून टाकलं. बहुतेक त्याला खोटेपणा नको होता.

"केनोशाला रॅम्बलरच्या कारखान्यात काम मिळालंय. दारांवरच. पुढच्या आठवड्यात निघतोय."

क्लेमेन्सने हातातली चकती खाली ठेवली. "रॅम्बलर."

"गाडीच आहे, दाजी. तिलाही दारं असतात."

"कुलूप लावून आठवडा नाही झाला, आणि हा दुसऱ्याच्या दारात जाऊन उभा."

"पोरांना काय खायला घालू? तुमची लार्क?"

फेलिक्स बोलून गेला आणि लगेच त्याला वाईट वाटलं, ते ब्रोन्याला दिसलं. त्याने आपली चकती पुढे केली. "चुकलो. घ्या. मोडा."

क्लेमेन्सने हात मागे घेतला. "तू जाऊन त्यांच्याबरोबर मोड."

क्लेमेन्सच्या आत साचलेलं सगळं कुणावर तरी निघणार होतं. कंपनी म्हणजे काही समोर बसलेला माणूस नव्हता. फेलिक्स होता. पण हे ब्रोन्याला कळलं खूप नंतर. त्या संध्याकाळी ती वाढपाचा डाव हातात धरून दोघांच्या मधे उभी राहिली आणि काही बोलली नाही. झोस्याने पोरांना कोट चढवले. जाताना फेलिक्सने बहिणीच्या कपाळाला ओठ टेकले आणि म्हणाला, "ताई, सार छान झालंय." त्याने चाखलंही नव्हतं.

क्लेमेन्सला पुढे एका शाळेत झाडलोटीचं काम मिळालं. लार्क तो जपून वापरायचा. शेजारीपाजारी एकेक करून शेवर्लेकडे गेले. बंद पडलेल्या कंपनीची गाडी कोण ठेवणार? कोणी विचारलंच तर क्लेमेन्स म्हणायचा, "कॅनडात अजून बनतायत." घरात फेलिक्सचं नाव निघालं की तो उठून गॅरेजमध्ये जायचा. ब्रोन्या चर्चच्या कचेरीतून भावाला फोन करायची.

"ताई, तू ये ना. रेल्वे आहे. शिकागोला गाडी बदलायची फक्त."

"येईन. याचा राग उतरू दे. तोपर्यंत मी एकटी आले तर आणखी भडकेल."

"उतरेल का?"

"उतरेल रे. मी ओळखते त्याला."

तिला खरंच तसं वाटत होतं.

पासष्टच्या ईस्टरला फेलिक्स न सांगता आला, एकटाच. रॅम्बलर घरासमोर थांबली. क्लेमेन्सने खिडकीतून पाहिलं आणि पडदा ओढला.

"ती गाडी माझ्या दारात उभी राहणार नाही."

"गाडी नाही, फेलिक्स आलाय," ब्रोन्या म्हणाली.

"एकच आहे."

बाहेर फेलिक्स उतरला नव्हता. स्टिअरिंगवर हात ठेवून वाट बघत होता. ब्रोन्याने ताटात हॅम, अंडी आणि गोड पावाचा तुकडा वाढला, वर फडकं टाकलं आणि चपलांवरच बाहेर गेली. त्याच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसली. तो तिथेच ताट मांडीवर घेऊन जेवला. तिचा हात सीटच्या कडेवरून फिरला.

"शिवण कशी आहे?" त्याने विचारलं.

"बरी आहे. टाके जरा लांब आहेत."

"त्यांना सांगतो. म्हणतो, माझी ताई पाठवतो."

दोघं हसली. मग तो म्हणाला, "तिकडे माझ्यासमोर एक नॉर्वेजियन आहे. भला माणूस. पण दिवसभर तोंड उघडत नाही." ताट परत देत म्हणाला, "सांग ना त्यांना बाहेर यायला. मी उतरत नाही. नुसते फाटकापर्यंत आले तरी चालेल."

ब्रोन्या आत गेली. क्लेमेन्स मागच्या अंगणात होता. तिने सांगितलं, पुन्हा सांगितलं. तो कुंपणाचा खिळा ठोकत राहिला. ती परत बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा बघूनच फेलिक्सने गाडी सुरू केली.

पुढच्या वर्षी कॅनडातही स्टूडबेकर बनणं थांबलं. क्लेमेन्सने ते वर्तमानपत्रात वाचलं, पानाची घडी केली आणि त्यानंतर कोणी लार्कबद्दल विचारलं तर तो काहीच म्हणेनासा झाला. ब्रोन्याला वाटलं, आता. आता उतरेल राग. उन्हाळ्यात विचारू, म्हणाली. उन्हाळ्यात त्याचा गुडघा धरला. नाताळ आला आणि गेला.

मार्चमध्ये फोन आला. केनोशाला उशिराचा बर्फ पडला होता. फेलिक्स अंगणातला बर्फ उपसत होता आणि फावड्यासकट खाली बसला, तो उठलाच नाही. चाळीस वर्षांचा होता.

ब्रोन्याने निरोप सांगितला तेव्हा क्लेमेन्स बूट काढत होता. त्याने काढलेला बूट पुन्हा घातला. "गाडी काढतो," एवढंच म्हणाला.

लार्क शिकागोच्या चिखलातून एकदाही न अडता गेली. क्लेमेन्स वाटेत दोनदा बोलायला गेला. "मला वाटलं होतं की..." असं काहीतरी. ब्रोन्या बाहेर बघत राहिली.

चर्चमध्ये पेटीला खांदा द्यायला फेलिक्सचे कारखान्यातले सोबती उभे होते. तो न बोलणारा नॉर्वेजियनही होता, तो ढसाढसा रडत होता. क्लेमेन्स टोपी हातात धरून झोस्यापाशी गेला.

"मलाही एका बाजूला लागू दे, झोस्या."

झोस्याने त्याच्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "माणसं पुरेशी आहेत, दाजी. तीन वर्षं तुमची वाट बघितली त्याने. आता जागा नाही."

क्लेमेन्स जिथे उभा होता तिथेच उभा राहिला. पेटी त्याच्या समोरून गेली. ब्रोन्याने हे पाहिलं, आणि नवऱ्याजवळ जाऊन उभं राहावं असं तिला वाटलं नाही. परतताना ती मागच्या सीटवर बसली. क्लेमेन्सने आरशातून एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही.

घरी आल्यावर तिने दोन दिवस डोळे मिटले नाहीत. तिसऱ्या दिवशी शेजारच्या बाईला म्हणाली, "मला गाडी शिकव." त्रेपन्नाव्या वर्षी ती लार्क शिकली. दर उन्हाळ्यात एकटी केनोशाला जायची, झोस्यापाशी आठवडाभर राहायची, पोरांचे कपडे शिवून द्यायची. निघताना क्लेमेन्स फाटकाशी येऊन काचा पुसून द्यायचा. पहिल्या वर्षी त्याने विचारलं, "मीही येऊ?" ती म्हणाली, "नको." दुसऱ्या वर्षी त्याने विचारलं नाही, नुसता कोट घालून उभा राहिला. तेव्हाही ती एकटीच गेली.

कितव्या तरी वर्षी तिने झोस्याला विचारलं, आणि झोस्या थकल्या आवाजात म्हणाली, "आण त्यांना. मला आता राग धरवत नाही." तोवर क्लेमेन्स काठीवर आला होता. दफनभूमीत तो फेलिक्सच्या दगडापाशी बराच वेळ उभा होता. त्याचे ओठ हलताना ब्रोन्याला गाडीतून दिसले. ती उतरली नाही. तो परत आला, बसला, ती निघाली. काय बोलला ते त्याने सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. तो हिवाळा त्याने काढला नाही.

फेलिक्सची मुलगी इरेना मोठी झाल्यावर तिने एकदा आत्याला सरळच विचारलं, "तू त्यांना माफ केलंस का गं?"

ब्रोन्या कणीक मळत होती. मळत राहिली. "शेवटपर्यंत त्याचं सगळं केलं. गुडघ्याला तेल लावलं, भरवलं," ती म्हणाली. मग हात थांबले. "त्याला तरी एकट्याला काय बोलायचं. त्या नाताळात डाव माझ्या हातात होता. जेवायला बसा, भांडणं नंतर, एवढं म्हटलं असतं तर दोघेही बसले असते. दोघेही माझं ऐकायचे."

इरेना आत्याच्या शेजारी बसून पिठाचे गोळे करायला लागली.