दाजींना उतरवताना

सामान वाहणाऱ्यांत त्याला सगळे सावकाश म्हणत. तो हळू होता म्हणून नव्हे. जड कपाट जिन्यावरून नेताना त्याच्या तोंडून बहुधा हा एकच शब्द निघे, म्हणून. उभा जन्म त्याने लोकांची कपाटं आणि पलंग चढवले, पण कोणाच्या भिंतीचा पोपडा उडू दिला नाही.

त्याचा जोडीदार म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा, दाजी. कपाट वर नेताना दाजी वरच्या टोकाला, उलटे चालत. सावकाश खाली, पुढे बघत. या धंद्यात खालच्याच्या वाट्याला वजन येतं आणि वरच्याच्या वाट्याला भरवसा. मागची पायरी वरच्याला दिसत नाही, ती खालच्याने सांगायची. एरवी दाजींना जगात कोणाचंच पटत नसे. ऊन पडलंय म्हटलं तरी ते खिडकीशी जाऊन खात्री करत. पण जिन्यावर मेहुणा "डावा" म्हणाला की डावाच पाय हले. तिथे अहो-जाहोही नसे. घरी "बसा दाजी" म्हणणारा सावकाश जिन्यावर "उचल", "टेकव", नाहीतर जागीच थांबवायचं असलं की "वजन माझ्याकडे", एवढंच बोले. मान ठेवत बसलं तर कपाट पायावर येतं.

काम सुटलं आणि दाजींचं पोटही सुटलं. डॉक्टरांनी टेकडी चढायला सांगितली. दाजी डॉक्टरांशी भांडले, पण बायकोपुढे काही चाललं नाही. तिने नवऱ्याला भावाच्या हवाली केलं. "जसे नेतोस तसे परत आण," म्हणाली. "वाटेत कुठे ठेवून येऊ नकोस."

सोबतीला त्यांचा जुना टेम्पोवाला असे. तिघे निघाले की दाजी पुढे. पण वाद घालायला समोर तोंडं लागतात. वाद रंगला की दाजी वळत आणि चक्क उलटे चढू लागत. आधी चवडा टेकून अंदाज घ्यायचा, मग टाच. सवयच ती. सावकाश बघत राही. एक पाऊल वाया जात नसे.

त्या सकाळी वाद टेम्पोवरून होता.

"माझा टेम्पो रस्त्यात कधी बंद पडला नाही," टेम्पोवाला म्हणाला.

"अरे, आम्ही दोघांनी ढकलून ढकलून लहानाचा मोठा केला त्याला," दाजी उलटे चढत म्हणाले. "इंजिन नुसतं शोभेला होतं."

सावकाश हसला आणि त्याची नजर दाजींच्या पायांमागे गेली. पाऊलवाटेवर, उन्हात, मनगटाएवढी जाड घोणस वेटोळं घालून बसली होती. तपकिरी अंगावर गडद ठिपक्यांची साखळी. आणखी एक पाऊल, की दाजींची टाच नेमकी तिच्यावर.

टेम्पोवाल्यालाही ती दिसली. "थांबा" म्हणावं, तर दाजी "का?" विचारणार आणि विचारता विचारता दोन पावलं टाकणार. "साप" म्हणावं, तर गर्रकन वळणार. दाजींचा पाय उचललेला होता.

"वजन माझ्याकडे," सावकाश म्हणाला. मोठ्याने नाही. जिन्यावर म्हणायचा तसं.

दाजींचा पाय जिथून निघाला होता तिथेच परत टेकला. तोंडातला टेम्पो अर्धा राहिला.

"आता खाली घ्यायचं. उजवा पुढे. टेकव."

उजवा आला. दाजींचे हात आपोआप वर झाले होते, बोटं वाकलेली, जणू मधे तीन दारांचं कपाट होतं. सावकाशचेही हात तसेच. टेम्पोवाला बाजूला सरून वाट देत होता.

मागे फुत्कार सुरू झाला.

"कुकर कोणी लावला?" दाजी म्हणाले आणि त्यांची मान फिरू लागली.

"मान नको. कोपरा घासेल. डावा."

मान थांबली. डावा पाय आला.

"दगड आहे, उंच घे. सावकाश. अजून एक."

असे दोघे उतरत राहिले, एक उलटा, एक सुलटा. या खेपेला उलटा सावकाश होता. वाट सांगत होता ती दाजींची. त्याला स्वतःची दिसत नव्हती. हे टेम्पोवाल्याच्या लक्षात आलं. तो त्याच्या पाठीशी गेला आणि हळूच कमरेचा पट्टा धरून त्याला मागे नेऊ लागला.

वळणापाशी पोचले तेव्हा सावकाश म्हणाला, "आता बघा, दाजी."

दाजींनी बघितलं. घोणस वेटोळं सोडून, कसलीही घाई न करता, झुडपात चालली होती. ती दिसेनाशी झाली आणि दाजी मटकन खाली बसले. कितीतरी वेळ ते कोणाशीच भांडले नाहीत. टेम्पोवाल्याला त्याचीच जास्त भीती वाटली.

"दाजी, पाणी घ्या," तो म्हणाला. "आणि माझा टेम्पो बंद पडायचा, झालं?"

"आता कबूल करून काय उपयोग," दाजी म्हणाले. मग त्यांनी मेहुण्याकडे बघितलं. सावकाश अजून उभाच होता. हात तसेच पुढे धरलेले, बोटं आखडलेली.

दाजी उठले, समोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी त्याचे दोन्ही पंजे खालून धरले.

"पोचलो रे," ते म्हणाले. "टेकव आता. माझ्याबरोबर."

दोघे वाकले.