नटावरची चुन्याची रेघ

धोंडप्पा कुणाला वाईट बोलत नसे. फक्त कुणावर विश्वास ठेवत नसे. अक्कलकोट रोडला यंत्रमागांच्या शेडींसमोर त्याचं गॅरेज होतं. चार खांब, वर पत्रे, मागे एक भिंत नि कुलपाची खोली, आणि दिवसभर समोरून येणारा मागांचा खडखडाट. टॉवेलांचा तंतू हवेत तरंगत यायचा आणि ग्रीसच्या डब्यावर बसायचा. धोंडप्पा तो बोटावर घेऊन उजेडात धरून बघायचा, जणू तोही कुणीतरी मुद्दाम पाठवला असावा.

नट आवळून झाला की तो खिशातली चुन्याची डबी काढी. तंबाखूला लावायचा तोच चुना. करंगळीनं नटावरून खालच्या लोखंडापर्यंत एक बारीक पांढरी रेघ ओढी. नट जरा हलला तरी रेघ तुटते. मग तो आपोआप ढिला झालेला असो, की कुणी हात लावलेला असो. तरुणपणी तो ज्या उस्तादाकडे शिकला, त्याच्या हातून गेलेल्या एका ट्रकचं चाक नळदुर्गच्या उतारावर निखळलं होतं. नट वाटेत दुसऱ्याच कुणीतरी खोलले होते, पण उस्तादाला ते दाखवून देता आलं नाही. त्यानं दुकान बंद केलं. धोंडप्पानं रेघ सुरू केली.

"दाजी, अक्काच्या भाकरीवर पन एक रेघ मारा की," त्याचा मेहुणा संगप्पा म्हणायचा. "कुनी तुकडा मोडला तर कळंल."

"तुज्या तोंडावर मारतो. दिसातनं किती येळा उघडतंय ते कळंल."

संगप्पाचं तोंड बंद नसायचंच. गालात पान, बोटं काताने तांबूस. धोंडप्पाच्या बायकोचा, सुंदरम्माचा, तो धाकटा भाऊ. आई लवकर गेली, म्हणून तिनं त्याला कडेवर वाढवला आणि लग्नानंतरही तिची कडेवर घेण्याची सवय गेली नाही. ट्रकवर, टेंपोवर, कुठंच तो टिकला नव्हता. जेवायला बहिणीकडे आणि बसायला मेहुण्याच्या गॅरेजात.

चौऱ्याहत्तर सालची दिवाळी झाली आणि अण्णाराव बिराजदार जीप घेऊन आले. गावातल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे, उंच, कमी बोलणारे गृहस्थ. जीप लष्कराच्या लिलावातली होती. हिरवा रंग उडालेला, पण चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी.

"श्रीशैलच्या पलीकडं, नल्लमलाच्या जंगलात जायचंय," सर म्हणाले. "आत रस्ता नाही. दगड, ओढे, चिखल. दोन महिने राहायचंय."

"देवाला व्हय?"

"नाही. अस्वलांना बघायला."

धोंडप्पानं मान हलवली आणि तंबाखू मळायला घेतली. दरवेशी दारात आणतो ते अस्वल बघायचं सोडून कोण दोन महिने रानात जातं?

त्यानं काम घेतलं. मागच्या स्प्रिंगचे पाटे उतरवून त्यांत एकेक पाटा वाढवला, कारण पाणी, पेट्रोल, तंबू असं सगळं ओझं मागेच येणार होतं. रेडिएटर साफ केला. दगडावर आपटून इंजिन फुटू नये म्हणून पोटाखाली जाड पत्रा बसवला. गाडीखाली शिरताना गळ्यातली लिंगाची चांदीची डबी तो शर्टाच्या आत सारायचा, आणि बाहेर आल्यावर तिला हात लावून खात्री करायचा. प्रत्येक नटावर रेघ.

पण सरांच्या मागण्या येत गेल्या तसं त्याच्या मनात काहीतरी पाझरू लागलं.

पुढच्या काचेच्या चौकटीवर फिरता दिवा हवा. दिवा धोंडप्पानं ओळखला. शिकारी असलाच दिवा जनावराच्या डोळ्यांवर मारतात आणि जनावर जागच्या जागी थिजतं. मागच्या बैठकीखाली कुलपाची पेटी हवी. सायलेन्सरचा आवाज जेवढा दबेल तेवढा दाबा. आणि मागच्या तळाला भोकं पाडा.

"भोकं कशाला, सर?"

"ओढ्यातलं पाणी आत आलं तर निघून जायला."

धोंडप्पा हो म्हणाला. पण एकदा, शिकारबंदीचा कायदा यायच्या आधी, त्याच्याकडे एका जमीनदाराची जीप धुवायला आली होती. तिच्या तळालाही अशीच भोकं होती. त्यानं बादली ओतली आणि त्या भोकांतून जे गळलं, ते पाहून तो दोन दिवस जेवला नव्हता. मांसाचं नावही न घेणाऱ्या घरातला माणूस. त्या दिवसापासून शिकाऱ्याच्या गाडीला त्यानं हात लावला नाही. आता तर शिकारीला बंदीच होती. सापडला तो आत.

मग सर मिठाची गोणी घेऊन आले आणि ती कोपऱ्यात ठेवून गेले. कातडी टिकवायला मीठ लागतं, एवढं धोंडप्पाला माहीत होतं.

हे सगळं त्यानं पोटात ठेवलं असतं. सरांची गाडी, सरांचं पाप. पण सरांना ड्रायव्हर हवा होता आणि सुंदरम्मानं परस्पर संगप्पाचं नाव सांगितलं होतं. नीट वागला तर परत आल्यावर कॉलेजच्या गाडीवर ठेवून घ्यायला सांगेन, असा शब्द सरांनी तिला दिला होता.

"त्यो न्हाय जायचा," धोंडप्पा जेवताना म्हणाला.

"याक री? का म्हनून?" सुंदरम्माच्या हातातली भाकरी थांबली. "पर्मनंट काम हाय."

"मास्तर शिकारी हाय. सापडलं तर मास्तर सुटतंय. ड्रायव्हर सडतंय."

"तुमी डोळ्यानं बगितलं?"

"वास येतोय."

"तुमाला समद्यांचाच येतो. लग्नात माज्या बापाचं तांदूळसुदीक मुठीत घिऊन हुंगलासा तुमी. एकदा तरी त्याचं काय बरं हुतंय तर हू द्या की."

धोंडप्पानं पुढचा घास मोडला. तिच्यासमोर ठेवायला त्याच्याकडे काहीच नव्हतं. दिवा होता, पण दिवा रात्री बघायलाही लागतोच. त्यानं ठरवलं, जायच्या दिवसापर्यंत काही हाताला लागलं, तर सर्वांसमक्ष काढायचं. नाही लागलं, तर जाऊ द्यायचं.

गाडीची चाचणी म्हणून सर संगप्पाला घेऊन अक्कलकोटला जाऊन आले. सर मठात दर्शनाच्या रांगेत होते तेवढा वेळ जीप झाडाखाली उभी होती, असं संगप्पानं आल्यावर सांगितलं. खूश होता. "दाजी, लोण्यावानी चालतीया. रेघा बगून घ्या, एक तुटली असंल तर मिशी काढतो."

"हाय कुटं मिशी?"

त्याच सुमारास गॅरेजच्या भिंतीवर टांगलेल्या जुन्या क्लचच्या तारा कमी झाल्यासारख्या वाटत होत्या. धोंडप्पानं भंगारवाल्याला शिव्या दिल्या. तो शपथा घेत राहिला. धोंडप्पानं त्याच्यावर विश्वास ठेवला नाही.

निघायच्या दिवशी सकाळी, मागांची पहिली पाळी सुरू होत असताना, तो गोणपाट टाकून जीपखाली शिरला. पाटे ठीक. धुरा ठीक. पोटाखालच्या जाड पत्र्याशी येऊन तो थांबला. रेघ तुटली नव्हती. पण ती त्याची नव्हती. त्याची रेघ सुतासारखी असायची. ही जाड, घाईत ओढलेली. शेजारच्या बोल्टवरही तशीच. कुणीतरी पत्रा खोलला होता, परत बसवला होता आणि वर चुना लावला होता.

तो तसाच पडून राहिला. वर लोखंड, खाली जमीन. त्याला भीती वाटली नाही. खरं म्हणजे संशय खरा ठरला म्हणून त्याला बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं त्याला आवडलं नाही.

सर आले. संगप्पा नवा शर्ट घालून आला. सुंदरम्मा भावासाठी भाकरीचं गाठोडं आणि शेंगाचटणीची डबी घेऊन आली. धोंडप्पा जीपखालून बाहेर आला, लिंगाच्या डबीला हात लावला आणि म्हणाला, "सर, हा पत्रा कुणी तरी खोललाय. मला वाटतंय तुमीच. तुमच्यासमोर काढतो."

"मी?" सर हसले. "मला चाक बदलता येत नाही."

"काढू व्हय?"

"काढा."

संगप्पा म्हणाला, "दाजी, उशीर हुतोय. ऊन वाढंल."

धोंडप्पा पुन्हा खाली शिरला. बोल्ट काढून एकेक शर्टाच्या खिशात टाकला. पत्रा एका बाजूनं झुकला आणि त्याच्यावर दाबून ठेवलेलं गोणपाटाचं बोचकं धप्पकन जमिनीवर पडलं. त्यानं ते बाहेर ओढलं आणि सोडलं. आत तारा होत्या. प्रत्येक तारेच्या टोकाला सरकता फास केलेला. हरणाच्या, सशाच्या, बिबट्याच्याही गळ्यात बसेल असे फास, लहानमोठे.

"बगा," धोंडप्पा बायकोकडे बघून म्हणाला. "मी सांगत हुतो का न्हाय? ह्यो दिवा, हे मीठ..."

सर खाली बसले. एक फास त्यांनी हातात घेतला, टोकाशी असलेली पितळी गुंडी फिरवून बघितली. मग त्यांनी भिंतीकडे पाहिलं. तिथं त्याच गुंडीच्या चार-दोन तारा अजून लटकत होत्या.

"मीठ ओढ्याकाठी टाकायचं असतं, धोंडप्पा," ते हळू म्हणाले. "जनावरं चाटायला येतात. दिव्यानं बघायचं, लिहायचं. पेटीत कॅमेरा आहे." त्यांनी फास वर धरला. "ही क्लचची तार आहे. तुमच्या भिंतीवरची. माझ्या गाडीत तुम्ही हे कुणासाठी पाठवत होता?"

धोंडप्पाला प्रश्न कळायलाच वेळ लागला. आजवर असे प्रश्न त्यानं विचारले होते. त्याला कुणी विचारले नव्हते.

त्यानं खिशात हात घातला आणि बोल्ट तळहातावर घेतले. गाडीखालच्या अंधारात जे दिसलं नव्हतं, ते उन्हात दिसलं. त्यांच्यावरचा चुना पांढरा नव्हता. तांबूस होता. काताच्या बोटानं लावलेला.

त्यानं संगप्पाकडे पाहिलं. संगप्पाचं तोंड चालायचं थांबलं होतं. मागे सुंदरम्मा उभी होती, दोन्ही हातांत गाठोडं, लहान मूल धरावं तसं. ती नवऱ्याकडे बघत होती. त्याच्या डोळ्यांत तिला काय दिसलं कुणास ठाऊक, पण तिची मान अगदी थोडी, उजवीकडून डावीकडे, हलली.

समोर मागांचा खडखडाट चालू होता.

धोंडप्पानं अंगठ्यानं बोल्टवरचा चुना पुसला. एकेक, सावकाश. मग चिंधीनं अंगठाही पुसला.

"गॅरेज माजं, तार माजी, सर," तो म्हणाला. "दुसरं काय सांगायचं न्हाय मला."

"म्हणजे तुम्हीच."

धोंडप्पा बोल्ट परत खिशात टाकत राहिला.

"मला परवानगी ह्याच दोन महिन्यांची आहे," सर म्हणाले. त्यांचा आवाज कोरडा झाला होता. "दुसरी गाडी नाही. आणि आता तुमच्या घरचा ड्रायव्हर मी कसा नेऊ?"

"ह्याला नेऊ नका. मला न्या. गाडी मी चालवतो. तितं काय मोडलं तर नीट करतो. रोज सकाळी गाडी उलटीपालटी करून बगा, तुमच्या नदरंखाली ऱ्हातो."

"दाजी, मी..." संगप्पा पुढे झाला.

"आदी थुंक," धोंडप्पा म्हणाला.

संगप्पा वळला आणि खांबाशी जाऊन थुंकला. परत आला नाही. तिथंच उभा राहिला, पाठ करून.

सरांनी मान डोलावली. फास धोंडप्पानं कोपऱ्यातल्या भट्टीच्या निखाऱ्यांत टाकले. तारांना चिकटलेलं ग्रीस पेटलं, काळा धूर पत्र्यांना लागला. गॅरेजची किल्ली त्यानं सुंदरम्माच्या हातात दिली. तिनं गाठोडं त्याच्याकडे केलं.

"त्याला का न्हाय नेत, म्हनून विचारशील," तो म्हणाला.

"न्हाय विचारत."

"रानात पान मिळत न्हाय, म्हनून."

तिनं पदर तोंडाला लावला. भावाचं कॉलेजच्या गाडीवरचं काम गेलं होतं, हे तिला कळलं होतं. त्याचा तुरुंग टळला, हेही.

धोंडप्पानं पत्रा परत चढवला, बोल्ट आवळले आणि सवयीनं चुन्याची डबी काढली. तेवढ्यात सर वाकले. त्यांनी धोतराचा सोगा खोचून घेतला, गोणपाटावर आडवे झाले आणि बाहेर हात काढला.

"चुना द्या. रेघ मी मारतो."

धोंडप्पानं डबी दिली. सरांना हे काम येत नव्हतं. बोट जास्त बुडालं, रेघ वाकडी आली, चुना ओघळला. दुसऱ्या बोल्टवर जरा बरी आली. उकिडवा बसून धोंडप्पा खाली डोकावून बघत होता. अशी वाकडी रेघ चोरून पुन्हा ओढायला कठीण जाते, हे त्याच्या लक्षात आलं. ती आपल्यावर नजर ठेवायला ओढली आहे, हेही.

"अजून एक ऱ्हायलाय, सर," तो म्हणाला. "डावीकडं. मागचा."